ब्रिटनमधला नोव्हेंबर आणि कोटावरची पॉपी: नव्याने आलेल्यांसाठी

ऑक्टोबर संपत आला की आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हमखास एक प्रश्न येतो. "ऑफिसात सगळ्यांनी लाल कागदी फूल लावलंय. आपण लावायचं का? नाही लावलं तर कुणी काही म्हणेल का?" उत्तरं दोनच प्रकारची येतात. एक, "लावा हो, पाऊंडभराने काय बिघडतंय." दुसरं, "ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांच्या लढाया आपण कशाला मिरवायच्या?" उत्तर देणारे लगेच दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरीकडे वळतात आणि विचारणारा होता तिथेच राहतो. मी पश्चिम लंडनमधल्या एका सार्वजनिक वाचनालयात काउंटरवर बसते. आमच्याकडे दर वर्षी पॉपीचा, म्हणजे युद्धांत मेलेल्यांच्या स्मरणासाठी लावतात त्या लाल फुलांचा, डबा ठेवलेला असतो. हे फूल कोण घेतं, कसं घेतं आणि न घेणाऱ्याकडे कोण कसं बघतं, हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत चालतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी फूल कोणतं ते

आपल्याला पॉपी म्हटलं की खसखस आणि अफू आठवते. ही ती नव्हे. फ्रान्स-बेल्जियमच्या शेतांत, नांगरलेल्या किंवा उकरलेल्या मातीत आपोआप उगवणारं हे लाल रानफूल. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी उलथलेल्या जमिनीवर ते भराभर उगवलं. कॅनडाचे लष्करी डॉक्टर जॉन मॅक्रे यांनी 1915 मध्ये त्यावर कविता लिहिली, ती वाचून मॉइना मायकल या अमेरिकन शिक्षिकेने फूल लावायला सुरुवात केली आणि ॲना गेरँ या फ्रेंच बाईंनी ती कल्पना लंडनला आणली. 1921 मध्ये नुकत्याच स्थापन झालेल्या ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संस्थेने पहिला पॉपी दिन केला. पैसे माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी. आजही तेच.

दोन फुलांचा घोळ मोठ्या लोकांनाही भोवतो. 2010 च्या नोव्हेंबरात पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन बीजिंगला गेले, तेव्हा कोटावरची पॉपी काढा, आम्हाला अफूयुद्धं आठवतात, असं चिनी अधिकाऱ्यांनी सुचवलं. कॅमेरॉन यांनी ती काढली नाही. त्या अफूतला मोठा वाटा माळव्यातून निघून मुंबई बंदरातूनच चीनला जात होता, तेव्हा आपणही या गोष्टीकडे फार लांबून बघू नये.

"पूर्वी हे साधं स्मरण होतं, राजकारण हल्ली शिरलं" असं इथले बरेच जण सांगतील. मान डोलवा, पण विश्वास ठेवू नका. फुलाच्या मधल्या काळ्या बटणावर 1994 पर्यंत 'हेग फंड' असं छापलेलं असे. हेग म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या, फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईचे ब्रिटिश सेनापती. त्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, 1 जुलै 1916 ला, 19,240 ब्रिटिश सैनिक मेले. ज्यांच्या घरचे हेगच्या हुकमावरून पुढे गेले आणि परत आले नाहीत, त्यांनी ते नाव छातीवर लावायचं. 1933 मध्ये को-ऑपरेटिव्ह विमेन्स गिल्डच्या बायकांनी पांढरी पॉपी काढली ती अशाच वातावरणात. त्यातल्या कितीतरी जणींचे नवरे, भाऊ, मुलगे युद्धात गेलेले. त्यांचं म्हणणं, स्मरण करूच, पण पुन्हा युद्ध नको हेही त्यातच म्हणू. म्हणजे हा वाद फुलाइतकाच जुना आहे.

लावायची ठरवली तर

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून सुपरमार्केटच्या दाराशी, स्टेशनांवर, वाचनालयांत डबे दिसू लागतात. 11 नोव्हेंबर (पहिलं महायुद्ध थांबलं तो दिवस) आणि महिन्याचा दुसरा रविवार, म्हणजे रिमेम्ब्रन्स संडे, हे दोन्ही झाले की फूल काढतात. फुलाला किंमत नसते. डब्यात काय टाकायचं ते तुमच्यावर. आता कार्डाने द्यायचीही सोय बऱ्याच ठिकाणी असते. फूल हरवणारच हे धरून चाला. पिनेतून सुटतं, मफलरीत अडकतं, बसमध्ये पडतं. आमच्याकडे एक गृहस्थ दर दोन दिवसांनी येऊन नवं घेतात आणि प्रत्येक वेळी पैसे टाकतात. लीजनची निम्मी कमाई अशी सांडलेल्या फुलांतूनच होत असणार, असा माझा संशय आहे.

पुरुषांनी डावीकडे, बायकांनी उजवीकडे, पान घड्याळातल्या 11 च्या दिशेने, असले नियम तुम्हाला कुणीतरी ठामपणे सांगेल. असा नियम नाही. लीजन स्वतः सांगते की लावायची चुकीची किंवा बरोबर पद्धत नसते. स्कॉटलंडच्या पॉपीला तर पानच नसतं. चार पाकळ्यांचं सुटं फूल असतं. तिथे गेल्यावर "पान कुठे पडलं?" म्हणून शोधू नका.

इस्पितळात, पाळणाघरात किंवा स्वयंपाकघरात काम करत असाल तर पिन लावण्याआधी वरिष्ठांना विचारा. पिना खाली पडतात, टोचतात. चिकटणारं फूलही मिळतं. साडीवर किंवा रेशमी कुर्त्यावर पिन टोचू नका, शालीला लावा. 2023 पासून फूल संपूर्ण कागदाचं झालंय. पावसात त्याचा लगदा होतो, पण काम झाल्यावर कागदाच्या रिसायकलिंगमध्ये टाकता येतं.

दोन मिनिटांची शांतता 11 तारखेला सकाळी 11 वाजता. 1919 मध्ये ती पहिल्यांदा पाळली गेली, दुसऱ्या महायुद्धानंतर रविवारपुरती उरली, आणि 1990 च्या दशकाच्या मध्यापासून लीजनच्या आग्रहाने 11 तारखेलाही परत आली. दुकानात असाल तर भोंग्यावरून सांगतात. होतात तिथे उभे राहा. फोन खिशात, बरोबरच्या मुलाशीही कुजबुजू नका. फूल लावलेलं नसलं तरी हे करा. फूल ही निवड आहे. लोक उभे असताना त्यांच्यामधून ट्रॉली ढकलत जाणं हा निव्वळ उद्धटपणा.

रविवारी गावच्या स्मारकापाशी गेलात तर क्रम साधारण असा: बिगुलावर लास्ट पोस्ट, शांतता, पुन्हा बिगूल, मग पुष्पचक्रं. मधे एक जण कवितेच्या चार ओळी म्हणतो आणि जमाव शेवटचे शब्द एका सुरात परत म्हणतो. पाठ नसतील तर गप्प उभं राहिलं तरी चालतं. टाळ्या नाहीत. कधीकधी "घरी जाल तेव्हा आमच्याबद्दल सांगा" या अर्थाच्या ओळीही कानावर पडतील. त्या नागालँडमधल्या कोहिमाच्या स्मारकावरच्या आहेत, 1944 च्या लढाईच्या. गर्दीतल्या फार थोड्यांना कोहिमा नकाशात दाखवता येईल. तुम्हाला येईल.

न लावायची ठरवली तर

कायदा काहीही सक्ती करत नाही, आणि लीजनही म्हणते की हा ज्याचा त्याचा प्रश्न. उलट बाजूही माहीत असू द्या. 2011 मध्ये एका माजी सैनिकाने दावा केला होता की पॉपी लावणं ही माझी श्रद्धा आहे, तिला कायद्याचं संरक्षण हवं. रोजगार न्यायाधिकरणाने तो फेटाळला. म्हणजे लावण्याचीही सक्ती नाही आणि कामाच्या ठिकाणी लावण्याचा हक्कही पक्का नाही. बहुतेक साहेब शहाणे असतात, दोन्हीकडे दुर्लक्ष करतात.

खरी अडचण चहाच्या किटलीपाशी येते. "तुझं फूल कुठंय?" असं कुणी हसत विचारतं. इथे आपली माणसं एक तर ओशाळून खोटं बोलतात, "पडलं वाटतं", नाही तर जालियनवाला बागेपासून सुरुवात करतात. दोन्ही नको. एका वाक्यात बोला. "मी मनातल्या मनात आठवण करते." "मी पैसे टाकले, फूल लावत नाही." "आमच्या घरात युद्धाची आठवण वेगळी आहे." एवढं पुरतं. समोरच्याला खरंच ऐकायचं असेल तर तो खुर्ची ओढून बसेल. मग सांगा काय ते सविस्तर.

जाहीर जीवनातल्या माणसांना मात्र एक वाक्य पुरत नाही. चॅनल 4 चे वृत्तनिवेदक जॉन स्नो कॅमेऱ्यासमोर कसलंच चिन्ह लावत नसत. 2006 मध्ये त्यावरून गदारोळ झाला तेव्हा त्यांनी या आग्रहाला 'पॉपी फॅसिझम' म्हटलं, आणि तो शब्द तेव्हापासून दर नोव्हेंबरला वर येतो. फुटबॉलपटू जेम्स मॅक्लीन उत्तर आयर्लंडमधल्या डेरीचा. 30 जानेवारी 1972 ला तिथे ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटने निदर्शकांवर गोळ्या झाडल्या, 13 जण त्याच दिवशी गेले. मॅक्लीनने 2014 मध्ये आपल्या क्लबच्या मालकांना पत्र लिहून सांगितलं की दोन महायुद्धांतल्या मृतांबद्दल मला आदर आहे, पण हे फूल त्यानंतरच्या सगळ्या संघर्षांसाठीही आहे, म्हणून मी ते लावू शकत नाही. पत्र शांत होतं, मुद्देसूद होतं. तरीही पुढे वर्षानुवर्षं मैदानात त्याची हुर्यो उडवली गेली.

यावरून एक लक्षात घ्या: बेलफास्टला किंवा डेरीला नोकरी लागली तर लंडनचं गणित तिथे चालत नाही. तिथे या फुलावरून माणूस कोणत्या बाजूचा, ब्रिटनच्या की आयर्लंडच्या, ते ओळखतात. 1987 मध्ये एनिस्किलन गावी स्मृतिदिनाच्या कार्यक्रमातच आयआरए या ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र आयरिश संघटनेने बाँब फोडला होता. आणि 2024 मध्ये आयर्लंड एक व्हावं म्हणणाऱ्या शिन फेन पक्षाच्या मिशेल ओनील उत्तर आयर्लंडच्या फर्स्ट मिनिस्टर म्हणून बेलफास्टच्या कार्यक्रमाला गेल्या, पुष्पचक्र वाहिलं, ही केवढी तरी मोठी बातमी ठरली. नव्या माणसाने तिथे पहिल्या वर्षी फक्त बघावं.

राजकारण कुठून सुरू होतं ते ओळखायला शिका

माझी कसोटी साधी आहे. बोलणं मेलेल्यांबद्दल चाललंय की न लावणाऱ्याबद्दल, ते बघा. ज्या क्षणी कोण किती वाकलं, कुणाच्या कोटावर काय आहे याची मोजदाद सुरू होते, त्या क्षणी स्मरण संपलं. हळदीकुंकवाला कोण आलं नाही याची यादी करणारी बाई तुम्ही पाहिली असेल. देवीशी तिचं फारसं काही देणंघेणं नसतं.

आणि ही मोजदाद इथे वर्षानुवर्षं चालू आहे. 1981 मध्ये मजूर पक्षाचे मायकल फुट लंडनच्या व्हाइटहॉल रस्त्यावरच्या सेनोटाफ या युद्धस्मारकापाशी आखूड हिरव्या कोटात आले, तर वृत्तपत्रांनी तो मजुरांचा डगला ठरवून त्यांची सालं काढली. तो कोट आज मँचेस्टरच्या पीपल्स हिस्टरी म्युझियममध्ये आहे. 2015 मध्ये त्याच पक्षाचे जेरेमी कॉर्बिन यांनी पॉपी लावली, मानही झुकवली, तर ती पुरेशी झुकली नाही म्हणून मथळे. त्याच महिन्यात पंतप्रधान कार्यालयाने कॅमेरॉन यांच्या फेसबुकवरच्या फोटोत कॉम्प्युटरने पॉपी चिकटवली आणि ती पकडली गेली. माणूस तोच, श्रद्धा तीच, फक्त फोटोत फूल नव्हतं. तेवढ्याचीही भीती वाटली. 2016 मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमात मुलांचा तो निळा, बिस्किटं खाणारा बाहुला कुकी मॉन्स्टर आला, तर त्याच्याही केसाळ छातीवर पॉपी. त्या वर्षी मी डब्यापाशी बसून जरा जास्तच हसले.

फुटबॉलचं तर विचारूच नका. राजकीय चिन्हं नकोत या नियमावर बोट ठेवून फिफाने 2011 मध्ये शर्टावर पॉपी छापायला नकार दिला. पंतप्रधान आणि राजपुत्र विल्यम मध्ये पडले, शेवटी दंडावरच्या काळ्या पट्टीवर तोडगा निघाला. 2016 च्या 11 नोव्हेंबरला इंग्लंड आणि स्कॉटलंड वेम्ब्लीवर समोरासमोर आले, दोघांनी पट्टी बांधली, दोघांनाही दंड. पुढच्या वर्षी फिफाने नियमच सैल केला. पॉपी राजकीय नाही, हे ठरवून घेण्यासाठी एवढं राजकारण करावं लागलं.

लीजनची यात फरफट होते, हेही सांगायला हवं. 2009 मध्ये अतिउजव्या बीएनपी पक्षाचे निक ग्रिफिन युरोपीय निवडणुकीच्या प्रचारात पॉपी लावून फिरू लागले, तेव्हा लीजनने उघड पत्र लिहून त्यांना ती काढायला सांगितलं. स्थलांतरितांविरुद्धच्या मजकुरावर पॉपीचं चित्र टाकून फिरवणारे आजही आहेत. तुमच्या शेजाऱ्याने असं काही पुढे पाठवलं तर ते लीजनचं आहे की नाही एवढं आधी बघा. बहुधा नसतंच.

सगळ्यात बोलकं उदाहरण 2023 चं. त्या वर्षी 11 नोव्हेंबर शनिवारी आला आणि गाझाच्या युद्धबंदीसाठी लंडनमध्ये मोठा मोर्चा निघायचा होता. मार्ग हाइड पार्कपासून अमेरिकन वकिलातीपर्यंत, व्हाइटहॉलपासून दूर. वेळ शांततेनंतरची, दुपारची. तरी पंतप्रधान ऋषी सुनक यांनी त्याला चिथावणीखोर आणि अनादर करणारा म्हटलं, गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांनी असल्या मोर्चांना द्वेषमोर्चे म्हटलं आणि पोलीस पक्षपात करतात असा लेखही लिहिला. त्या दिवशी सेनोटाफचं रक्षण करायला आलो म्हणणारा अतिउजवा जमाव शांततेच्या जरा आधीच पोलिसांवर धावून गेला. मोर्चात पोलिसांच्या अंदाजाने 3 लाख लोक होते. सोमवारी ब्रेव्हरमन यांचं मंत्रिपद गेलं. यात सुनक आणि ब्रेव्हरमन, दोघंही आपल्या वंशाचे. एखाद्याची कातडी कुठली यावरून तो या वादात कुठे उभा राहील याचा अंदाज बांधू नका, हेही यातून शिकण्यासारखं.

तेव्हा अशा आठवड्यात नव्या माणसाने काय करायचं? फूल लावलं असेल तर दुसऱ्याला टोकू नका. नसेल लावलं तर लावणाऱ्याला साम्राज्यवादी ठरवू नका. आमच्याकडे येणाऱ्या एक आजी दर वर्षी पॉपी घेतात आणि पर्समध्ये ठेवतात. नवरा मलायात लढला होता, तो कधीच लावत नसे, म्हणून त्याही लावत नाहीत. त्यांच्याकडे बघून कुणाला काय कळणार?

इतर रंग

पांढरी पॉपी 1934 पासून पीस प्लेज युनियन ही युद्धविरोधी संघटना देते; ती सगळ्या बाजूंच्या, साध्या नागरिकांसकट सगळ्या मृतांसाठी. ती लावलीत तर दोन-चार भुवया वर जातील, तयारी ठेवा. काही जण लाल आणि पांढरी दोन्ही लावतात. जांभळी युद्धात मेलेल्या प्राण्यांसाठी. काळी आफ्रिकन आणि कॅरिबियन वंशाच्या लोकांच्या वाट्याला आलेल्या युद्धासाठी. आणि 2018 मध्ये, पहिलं महायुद्ध संपल्याच्या शताब्दीला, लीजनने भारतीय सैनिकांसाठी खादीची पॉपी काढली.

खादीच्या पॉपीवर आमच्या ग्रुपात बरीच खडाखडी झाली होती. साम्राज्याच्या लढाईसाठी चरख्याचं सूत, हे काय? मलाही ते जरा चमत्कारिक वाटतं. पण इतिहासही तितकाच चमत्कारिक आहे. 1918 मध्ये गांधीजी स्वतः खेड्या जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट करत होते. टिळकांनीही भरतीला पाठिंबा देऊ केला होता, पण स्वराज्याच्या अटीवर. त्या जूनमध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत ते बोलायला उभे राहिले, राजकीय मुद्दा काढला म्हणून गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना अडवलं, आणि टिळक सभा सोडून निघून गेले. "इथे राजकारण आणू नका" हे वाक्य तेव्हाही सत्तेच्या खुर्चीतूनच आलं होतं.

आपली माणसं कुठे शोधायची

या सगळ्या वादात आपल्या मंडळींना सर्वांत कमी माहीत असलेली गोष्ट ही की, आपल्या गावची माणसं या स्मरणात आहेत. पहिल्या महायुद्धात सुमारे 13 लाख भारतीय होते, त्यातले 74,000 च्या आसपास मेले. मी सातारा जिल्ह्यातली. आमच्याकडच्या अपशिंगे गावचे 46 जण त्या युद्धात कामी आले. गावाचं नावच पुढे अपशिंगे मिलिटरी झालं. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुतच्या वेढ्यात होत्या. जुन्या बायका "बसऱ्याला गेला" असं म्हणत, आणि गेलेला आला नाही एवढाच त्याचा अर्थ आम्हा मुलांना कळत असे.

बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश शिपायांची नावं कोरली गेली, साध्या भारतीय शिपायांचे मात्र पलटणीवार नुसते आकडे. 2021 मध्ये युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या अहवालाने मान्य केलं की मुख्यतः पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधले किमान 1,16,000 मृत, कदाचित 3,50,000 पर्यंत, नावाने स्मरले गेले नाहीत किंवा अजिबातच स्मरले गेले नाहीत. संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. 'सर्वांचं स्मरण' असं कुणी म्हणालं की मला हा आकडा आठवतो.

शोधायचं असेल तर कमिशनच्या वेबसाइटवर फुकट शोधता येतं. आडनावाच्या स्पेलिंगवर अडून बसू नका. कारकुनाने ऐकलं तसं लिहिलंय. आडनावाने नाही सापडलं तर पलटणीच्या नावाने बघा, त्या काळी 'मराठा'चं स्पेलिंगही वेगळं होतं. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा असतो. आपल्या तालुक्याचं नाव इंग्रजी नोंदीत वाचताना जे होतं ते सांगत बसत नाही, स्वतः बघा.

आणि मुलांना घेऊन हाइड पार्क कॉर्नर स्टेशनला उतरा. कॉन्स्टिट्यूशन हिलच्या तोंडाशी 2002 मध्ये उघडलेली मेमोरियल गेट्स आहेत, भारतीय उपखंड, आफ्रिका आणि कॅरिबियनमधल्या 50 लाख स्वयंसेवी सैनिकांसाठी. शेजारी छोटा मंडप आहे, त्याच्या छताला आतून व्हिक्टोरिया क्रॉस आणि जॉर्ज क्रॉस ही शौर्यपदकं मिळालेल्यांची नावं आहेत. यशवंत घाडगे शोधा, रायगडातल्या पळसगावचे, 1944 च्या जुलैत इटलीत टायबरच्या खोऱ्यात पडले. नामदेव जाधव शोधा, तेही इटलीतच, 1945, सेनिओ नदीवर. ते परत आले. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी त्या भागातले रस्ते बंद असतात आणि स्टेशनात मुंगीला जागा नसते, म्हणून आधीच्या आठवड्यात एखाद्या दिवशी सकाळी जा. जून महिन्यात वेळ मिळाला तर ब्राइटनबाहेरच्या टेकडीवर छत्री नावाचं स्मारक आहे, पहिल्या महायुद्धात तिथल्या इस्पितळात वारलेल्या 53 हिंदू-शीख सैनिकांना जिथे अग्नी दिला तिथे बांधलेलं. गाडी जवळ जात नाही, चढावर चालावं लागतं. बूट चांगले घाला, पाण्याची बाटली न्या.